कपाटातल्या एकेचाळीस जणी

१

गेनरिख ओत्तोविचच्या कपाटातली ख्वारिझमची नर्तकी जागेवर नाही, हे आधी दिसलं ते रीता पाकला, आणि तिच्या हातातला चहाचा प्याला निसटला.

गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले होते. ताश्कंदच्या चिलानजार वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेली अकरा वर्षं दर गुरुवारी तीन वाजता चौघांचा चहा व्हायचा. अकरा वर्षांत तिथे बशीसुद्धा फुटली नव्हती. ज्यांचा सगळा जीव चिनी मातीच्या पुतळ्यांत अडकलेला असतो, त्यांचे हात जपूनच चालतात.

"ती कुठाय?" रीता म्हणाली.

मधल्या फळीच्या मधोमध, नर्तकीच्या जागी, कीवची दूधवाली उभी होती. बाकीच्या बाया थोड्या थोड्या सरकून उभ्या होत्या. रिकामी जागा कुठेच नव्हती, फक्त तो लाल झगा आणि त्याचा सोनेरी काठ नव्हता.

गेनरिख ओत्तोविच खुर्चीतून उठले. एकोणऐंशी वर्षांचे, वंशाने जर्मन, घड्याळं दुरुस्त करून करून पाठीला बाक आलेले गृहस्थ. कपाटापाशी जाऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काल सकाळी होती."

ती नर्तकी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यांनी आणि एम्माने सगळा पगार घालून ती आणली होती. एम्माला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी कपाट उघडून त्या वीतभर बाईला नमस्कार करायचा आणि मगच चहा ठेवायचा.

स्वयंपाकघरातून त्यांची मुलगी इर्मा आली. ती जर्मनीत कासेलला राहायची आणि दहा दिवसांपूर्वी बापाला कायमचं घेऊन जायला आली होती. काय झालं ते तिला कळलं, तेव्हा तिने एकेकाकडे नीट पाहिलं.

"तिकिटं पुढच्या शनिवारची आहेत," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, तिच्याशिवाय विमानात बसणार नाही. या आठवड्यात या घरात तुमच्याशिवाय कुणी आलेलं नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत पुतळी मिळाली नाही, तर मी पोलिसांत तुमची नावं देणार आहे."

"इर्मा," गेनरिख ओत्तोविच म्हणाले, "ही माझी माणसं आहेत."

"यांच्यातल्याच कुणीतरी नेली ना, बाबा?"

पुसायला फडकं आणायचंही कुणाला सुचलं नाही, आणि चहा गालिच्यात मुरत गेला.

२

"रुफिना, तू शोध," जिना उतरताना रीता म्हणाली. "नाट्यगृहात राणीचा हार तूच शोधला होतास ना?"

रुफिना सालिखोव्ना एकाहत्तर वर्षांची तातार बाई. चौतीस वर्षं नाट्यगृहाच्या कपडेपटात तिने राजे, राण्या, भिकारी सगळ्यांना कपडे चढवले होते. तिथे हरवलेली वस्तू शोधायची तिची एकच रीत होती: कोण खोटं बोलतं ते बघायचं नाही, कपडा काय सांगतो ते बघायचं. नवरा गेलेला, मुलगा कझानला, तो नववर्षाला फोन करायचा. आठवड्याचे सहा दिवस ती गुरुवारची वाट बघायची, आणि हे ती स्वतःलाही कबूल करायची.

चौघांचा छंदही चौघांसारखाच होता. जुन्या काळच्या वेशातल्या पुतळ्या जमवायच्या, पण एका पुतळीला एक किलो मटणापेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत. त्या भावात धड बाई कोण देतं? नाक उडालेली, पंखा मोडलेली, बोटं गेलेली अशीच मिळायची. बोटं तर सगळ्यांचीच गेलेली असायची. रुफिना मग बारीक तार आणि दाताच्या डॉक्टरकडचं सिमेंट घेऊन बसायची आणि नवी बोटं घडवायची. गेनरिख ओत्तोविच पुतळीच्या तळाला चिठ्ठी चिकटवायचे. पुतळ्या बहुतेक शहर सोडून जाणाऱ्यांच्या असत, म्हणून चिठ्ठीवर जाणाऱ्याचं नाव आणि तो कुठे गेला ते लिहायचं. सोन्या, हैफा. गालिना, ओम्स्क. अख्खं कपाट म्हणजे निघून गेलेल्यांची हजेरी होती.

आणि त्याआधी आंघोळ. नवी पुतळी सगळ्यांसमोर एनॅमलच्या तसराळ्यात कोमट पाण्याने धुतली जायची, म्हणजे कुणी लपवाछपवीचं रंगकाम केलं असेल तर तिथेच उघडं पडावं. न धुता कपाटात जागा नाही, हा त्या घरचा कायदा होता.

बसमध्ये खिडकीशी बसून रुफिना मनाशी सगळ्याची उजळणी करत होती. प्याला फुटल्यावर तिने सवयीने एकेक पुतळी हातात घेऊन कपाट मोजलं होतं. कपडेपटात प्रयोग संपला की मोजल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, ती खोड अजून गेली नव्हती. दर गुरुवारी एकेचाळीस भरायच्या: चाळीस मोडक्या आणि एक ती अखंड नर्तकी.

आजचा आकडा तिला आठवला आणि ती सरळ होऊन बसली.

आजही एकेचाळीसच भरल्या होत्या.

३

रविवारी ती यांगियाबादच्या जुन्या बाजारात गेली. तुर्सुनबोय नेहमीच्या जागी सतरंजी पसरून बसला होता; समोवार, बिल्ले, सैनिकी दुर्बिणी आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पुढे मांडलेले. गुरुवारच्या चौघांतला तिसरा तो, वयाने सगळ्यांत लहान, पंचावन्नचा.

"या, ओपा," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला ओपा म्हणायचा, आणि गेनरिख ओत्तोविचना अका, म्हणजे थोरला भाऊ. "मला चोर म्हणायला आलात की जेवायला? जेवायला आला असाल तर तंदूरमधले मटणाचे समसे गरम आहेत."

"आधी जेवते. मग काय म्हणायचं ते बघते."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. समसा तिच्या हातात देऊन तो हळू म्हणाला, "इथे ही गोष्ट पसरली आहे. काल नेहमीच्या एका गिऱ्हाईकाने विचारलं, या दुर्बिणी तरी तुझ्याच आहेत ना? वीस वर्षं या सतरंजीवर बसतोय. पोलीस एकदा येऊन उभे राहिले, की माझ्याकडून पुन्हा कुणी काही घेणार नाही. ख्वारिझमवालीला दोन जणांनी मागणी घातली होती, खरं आहे. मी दोघांनाही सांगितलं, ती विकाऊ नाही, ती घरची बाई आहे."

"त्यांच्या घरी तू कधी गेला होतास?"

"सोमवारी रिकामी खोकी घेऊन. तेव्हा ती जागेवर होती, मी तिच्यासमोरच चहा प्यायलो. मग बुधवारी संध्याकाळी सुतळी द्यायला. पण बुधवारी मी आत गेलोच नाही."

"का?"

"बोलावलंच नाही. अका फडक्याला हात पुसत दारात आले, दारातूनच सुतळी घेतली, बरं बरं म्हणाले आणि दार लावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा असं झालं, ओपा. मला वाटलं, मुलीला बाजारातली माणसं घरात नको असतील."

त्याला ते लागलं होतं, हे दिसत होतं. रुफिनाने विषय बदलला. "या महिन्यात तुझ्याकडून, नाहीतर बाजारातून, कुणी वेशातली पुतळी नेली?"

"एकही नाही. आली असती तर आधी तुम्हालाच निरोप नसता का धाडला? एक आज आली आहे, ही बघा. मेंढपाळीण. उजव्या हाताची तीन बोटं नाहीत. तुम्हाला फुकट."

रुफिनाने मेंढपाळीण पिशवीत टाकली. पण मनात पाल चुकचुकत होती. नर्तकी नेणाऱ्याने तिच्या बदल्यात एक बाई कपाटात ठेवली होती. बाजारात महिनाभर नवी बाई आलीच नव्हती, तर त्याने ती आणली कुठून?

४

रीता पाकच्या घरी पुतळ्या थोड्या होत्या, पण एका रांगेत. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेली ही कोरियन बाई. तिला सगळं रांगेत लागायचं. तिच्याकडे फरगाणाची, बुखाऱ्याची आणि ताश्कंदची नर्तकी होती. चौथी, ख्वारिझमवालीची जागा रिकामी होती. तिथे तिने एक छोटा रुमाल घडी घालून ठेवला होता.

"बघून घे," ती म्हणाली. "कपाटाखालीही बघ. पलंगाखालीही."

"रीता."

"हवी होती मला ती. अकरा वर्षं हवी होती. म्हणूनच मी ती एकदाही हातात घेतली नाही. घेतली असती तर परत ठेवता आली नसती." तिने मुळ्याचं लोणचं पुढे सरकवलं. "मंगळवारी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेले होते, तेव्हा ती होती. मी तिच्याकडे बघत बसले म्हणून त्यांनी मला चिडवलंही. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवते."

"नको ठेवूस. कुणीतरी चोर निघायलाच हवा ना?" रीताने रुमालाची घडी सरळ केली. "समजा, तू शोधून काढलंस. मी निघाले, नाहीतर तुर्सुनबोय निघाला. मग गुरुवारी आपण कुठे जायचं, रुफिना?"

हाच प्रश्न तिला गुरुवारपासून खात होता.

परत जाताना तिला गेनरिख ओत्तोविचच्या इमारतीखालच्या बाकावर इर्मा दिसली. एकटीच बसली होती, हातात न सोललेलं डाळिंब.

"तुम्हाला मी दुष्ट वाटत असेन," इर्मा म्हणाली.

"मला तू दमलेली वाटतेस."

एवढं ऐकलं मात्र, आणि इर्मा बोलायलाच लागली. "हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात पडले, माहीत आहे ना तुम्हाला? शुक्रवारी पडले. रविवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्या दोन दिवसांत मी एकवीस वेळा फोन केला. नुसती घंटा वाजत राहायची. मला अजून झोपेत ती घंटा ऐकू येते."

रुफिनाला माहीत होतं. ते पडले त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता, आणि पुढचा गुरुवार यायला सहा दिवस होते. सहा दिवस चौघांपैकी कुणी कुणाची चौकशी करत नसे. त्या हिवाळ्यापासून तिला स्वतःची त्याबद्दल लाज वाटत होती.

"पुतळीच्या कागदाचं काय झालं?" तिने विचारलं. पन्नास वर्षांच्या आसपासची वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवानगी लागायची, आणि त्यासाठी इर्मा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती.

"मिळाला की. बुधवारी दुपारी. बाबांनी अट घातली होती ना, कागद आण, मग येतो. मी धावत येऊन दाखवला. म्हणाले, बरं झालं. आणि लगेच मला बीट आणायला पिटाळलं."

"मग?"

"मग काय? आणलं. घरी येऊन बघते तर टोपलीत दोन किलो बीट आधीच होतं."

५

सोमवारी सकाळी रुफिना खिडकीपाशी मेंढपाळणीला बोटं लावायला बसली. खाली चिनारांची पानं झाडणारी बाई कुणाशी तरी भांडत होती. बरं वाटत होतं, तेवढाच माणसाचा आवाज.

तार कापायची, वाकवायची, सिमेंटचा थेंब द्यायचा. किती केली असतील अशी बोटं? कपाटातल्या चाळीसही जणींच्या हातांवर तिचं काम होतं. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी तिला आपला जोड लागायचा, बारीक खरखरीत. मोजताना ती तसा अंगठा फिरवायचीच.

गुरुवारी मोजतानाही फिरवला होता.

तिचा हात थांबला. वरच्या फळीवर, मागच्या रांगेत, उभ्या निळ्या पट्ट्यांचा अतलस रेशमाचा झगा घातलेली फरगाणाची पोरगी. तिच्या बोटांवरून अंगठा फिरला होता आणि कुठेच अडला नव्हता. दहाची दहा बोटं गुळगुळीत, कारखान्यातून निघाली तशी. फुटलेल्या प्याल्याचे तुकडे उचलून हात ओलसर झाले होते. घरी आल्यावर अंगठ्याला निळा डाग दिसला होता. तिला वाटलं, पेन फुटलं असेल.

त्या कपाटात अखंड बाई एकच होती.

आणखी एक गोष्ट आता तिला दिसायला लागली, आणि तेव्हाच कशी दिसली नाही याची शरम वाटली. त्या पोरीच्या मनगटांत घुंगरांची कडी होती. रंगाखाली घुंगरांचे उंचवटे हाताला लागले होते. फरगाणाच्या बाया घुंगरं बांधून नाचत नाहीत. घुंगरं ख्वारिझमच्या नाचात. कपडेपटात कुणी असा घोळ घातला असता तर तिने त्याला दिवसभर सुनावलं असतं.

नर्तकी घराबाहेर गेलीच नव्हती. बदल्यात कुणी बाई ठेवली नव्हती. तिचा नुसता कपडा बदलला होता.

हे कोण करू शकतं? तुर्सुनबोय सोमवारचा, रीता मंगळवारची, आणि दोघांनीही ती लाल झग्यात पाहिलेली. कागद आला बुधवारी दुपारी. त्यानंतर लगेच इर्मा बिटासाठी बाहेर. संध्याकाळी दारात फडक्याला पुसले जाणारे हात. सगळे धागे एकाच घरात जात होते, आणि त्या घरात ब्रश धरण्याइतका बारीक हात एकाचाच होता.

रुफिनाने मेंढपाळीण खाली ठेवली. चोर सापडला होता आणि तिला रडू येत होतं.

६

बुधवारी इर्मा तिकिटांच्या कचेरीत गेल्याचं पाहून ती वर गेली. गेनरिख ओत्तोविचनी चहा केला. खोलीभर बांधलेली खोकी होती. कपाट तेवढं अजून तसंच होतं.

रुफिनाने काही न बोलता वरच्या फळीवरून फरगाणाची पोरगी उचलली, तिच्या झग्याच्या टोकाला चहात बुडवलेलं बोट लावलं आणि चोळलं. निळ्याखालून लाल आलं. लालाच्या कडेला सोनेरी.

"शाळेतल्या पोरांचे रंग वापरलेत," ती म्हणाली.

"दुसरे रंग पुन्हा निघाले नसते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मला तिला खराब करायचं नव्हतं."

"मग कुठे लपवून ठेवायची. खोक्यात, गादीखाली."

"लपवली होती. तासभर. मग बाहेर काढली. सकाळी मी कुणाला नमस्कार करू, रुफिना सालिखोव्ना?"

तिला हसू आलं, आणि तिने पोरगी हलकेच टेबलावर ठेवली.

"मला वाटलं होतं, कागद मिळणारच नाही," ते म्हणाले. "या शहरात कधी कुणाला कागद वेळेवर मिळाला आहे? माझ्या पोरीने दहा दिवसांत मिळवला. शनिवार एकदा टळू द्या. तिची रजा संपेल, ती जाईल. मग ही मला खोक्यांच्या मागे सापडेल. कुणाचं काही बिघडणार नाही."

"तुर्सुनबोयचं बिघडलं आहे. बाजारात लोक त्याला विचारतात, या वस्तू तुझ्याच ना. रीता मला पलंगाखाली बघ म्हणाली."

त्यांनी तिच्या प्याल्यात आणखी चहा ओतला.

"आणि उद्या पोलीस आले तर तुमच्या गुरुवाराला कोण येणार आहे? कुणासाठी थांबताय तुम्ही इथे?"

"तुम्ही याल," ते म्हणाले.

रुफिना बराच वेळ प्याल्यात बघत राहिली. ते खरं होतं. ती आली असती. तोंड बंद ठेवलं, तर बाकी सगळं गेलं तरी गुरुवारी तीन वाजता ती या खुर्चीत आणि ते त्या खुर्चीत बसले असते. असं कुणी तिला शेवटचं कधी म्हणालं होतं, ते तिला आठवेना. हो म्हणावंसं तिला फार वाटलं.

"उद्या तीन वाजता," ती उठत म्हणाली, "तसराळं तुम्ही आणा. तुम्ही नाही आणलंत, तर मी आणीन. पण तुम्ही आणावं असं मला वाटतं."

पोरगी तिने होती तिथे ठेवली, ओला डाग भिंतीकडे करून. तळाची चिठ्ठी तिने वाचली नाही. सगळ्यांच्या तळाला असते तशीच असेल, असं तिने धरून चाललं.

७

गुरुवारी तीनला चौघं होती आणि इर्मा होती. चहा ओतला, पण कुणी घेतला नाही. तुर्सुनबोय खुर्चीच्या अगदी कडेवर, कधीही उठायच्या तयारीने बसला होता. रीताने पिशवी उघडी करून सर्वांना दिसेल अशी मांडीवर ठेवली होती.

"साडेतीनला मी खाली जाऊन फोन करणार आहे," इर्मा म्हणाली.

गेनरिख ओत्तोविच हलले नाहीत. सव्वातीन झाले. रुफिनाने गुडघ्यांवर हात टेकले, उठण्यासाठी.

तेवढ्यात ते उठले. स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज झाला. तसराळं दोन्ही हातांत धरून ते आले, पाणी हिंदकळत होतं. टेबलावर ठेवून त्यांनी वरच्या फळीवरची निळी पोरगी काढली.

"ही धुवायची राहिली होती," ते म्हणाले.

पाणी आधी निळं झालं, मग जांभळं. टोपीवरची पांढरी नक्षी निघाली आणि खालून मण्यांची ओळ आली. लाल झगा वर आला, सोनेरी काठ, घुंगरं. रीताने तोंडावर हात ठेवला. तुर्सुनबोय एकटक बघत होता.

"बाबा," इर्मा म्हणाली.

त्यांनी पुतळी फडक्यावर ठेवली आणि तुर्सुनबोयकडे वळले. "मला माफ कर, भावा. रीता, तूही."

तुर्सुनबोयने पुतळीच्या झग्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "रंगकाम अगदीच भिकार आहे, अका. बाजारात कुणी चार पैसे दिले नसते." आणि त्याने आपला चहा उचलला. तो माफ करत होता, सगळ्यांना कळलं.

इर्माने पुतळी हातात घेतली होती. ती उलटी केल्यावर तळाची चिठ्ठी दिसली, नवीन, वर नेहमीसारखं नखाचं पॉलिश लावलेली, म्हणून पाण्याने न सुटलेली. तिने ती मोठ्याने वाचली.

"गेनरिख. कुठेच नाही."

इर्माने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, मनातच.

"हे तुम्ही मला सांगायचं होतंत," इर्मा म्हणाली.

"सांगितलं होतं. फोनवर, तीनदा. तू म्हणालीस, बाबा, आवाज तुटतोय."

इर्माने पुतळी ठेवली. ती ओले हात एकमेकांवर चोळत राहिली. "नका येऊ मग. मी ओढून नाही नेणार. मी फोन करत जाईन. घंटा वाजत राहील, आणि मी ऐकत राहीन."

गेनरिख ओत्तोविच तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची बंद पडलेली घड्याळं भिंगातून बघणाऱ्या त्या माणसाने आपल्या मुलीचे हात बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिले. मग त्यांनी तिच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"शनिवारी किती वाजताचं विमान आहे?" त्यांनी विचारलं.

रुफिनाने मान फिरवली. हे तिनेच घडवून आणलं होतं. करायला हवं तेच तिने केलं होतं, आणि त्यातून तिला काहीच मिळणार नव्हतं.

८

नर्तकीचा कागद कपाटातच राहिला. "तिला घेऊन जात नाही मी," निघताना ते रुफिनाला म्हणाले. "तिथे तिला कोण ओळखणार? सकाळी तुम्ही नमस्कार करत जा." गाडी वळेपर्यंत इर्मा मागच्या काचेतून हात हलवत होती. ते समोर बघत होते.

तुर्सुनबोयने टेम्पो आणून कपाट रुफिनाच्या घरी पोचवलं. मेंढपाळीण धरून आता बेचाळीस झाल्या. पुढच्या गुरुवारी तीनला तो आणि रीता आली, आणि रीताने येताना ते एनॅमलचं तसराळं आणलं. मधल्या एका दिवशीही तिने फोन केला होता, काही काम नसताना. आता तिघं एकमेकांना रोज एकदा फोन करायची. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

मेंढपाळणीची आंघोळ झाली. चिठ्ठी लिहायला कुणाचा हात चांगला यावर थोडा वाद झाला आणि ते काम रीताकडे गेलं. लिहून झाल्यावर तिने नर्तकी उचलली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने ती हातात घेतली होती. रीताने ती उलटी केली.

"हे चुकलंय, रुफिना," ती म्हणाली. "आता कासेल लिहायला हवं. कायदा म्हणजे कायदा. मी बदलू?"

तुर्सुनबोय चहा फुंकत थांबला.

रुफिनाने तिच्या हातातून नर्तकी घेतली. झग्याच्या एका चुणीत, धुताना बोट न पोचलेल्या जागी, निळ्याचा एक ठिपका राहिला होता. तो तिने नखाने काढला नाही. तिने पुतळी मधल्या फळीच्या मधोमध, चेहरा खोलीकडे करून ठेवली आणि कपाटाचं दार लावलं.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी लिहिलंय ते राहू दे."